एक्केचाळीस फ्रेम्स

लेनिनग्राड, १४ मे १९३७

प्रिय नोन्ना,

तुझी चिठ्ठी मार्फाकाकूंनी आणून दिली. हे पत्रही त्यांच्याच हाती पाठवतेय, टपालाने नाही. तुझ्या बाबांना पकडून नेलं त्या दिवशी घरातले सगळे फोटोही नेले, एखादा माझ्याकडे आहे का, असं तू विचारतेस. फोटो नाही गं. पण पुढे वाच.

बाबांच्या त्या मोजमापाचा कुणाला काय उपयोग झाला, असंही तू विचारलंस. खरं सांगू, चित्रपटशाळेत त्यांच्या वर्गात मीही वैतागायचे. शितावरून भाताची परीक्षा करतात. तुझे बाबा आम्हाला शितं मोजायला बसवायचे! पडद्यावर आई हरवलेल्या मुलाला शोधतेय, आम्ही मुसमुसतोय, आणि हे मागून ओरडणार, “आधी शॉटचं कार्ड भरा, मग रडा! शॉट किती फ्रेम्सचा? नजर कुठं? चौकटीबाहेरचं मला सांगू नका!” तू एकदा सगळ्यांदेखत म्हणालीस, “बाबा, तुमच्या कार्डात माणसाला रकाना कुठाय?” आणि दार आपटून गेलीस. पुढे तुम्ही बोलायला लागलात, पण त्यावर कधीच नाही. ते तुला अजून डाचतंय, मला ठाऊक आहे.

दहा वर्षं संकलनाच्या टेबलावर काढल्यावर माझं मत असं आहे की पद्धत कामाची आहे. चित्रपट आपल्याला कसा रडवतो, ते तिच्यामुळे कळतं. रडणारा कोण, ते तिला कळत नाही.

गेल्या आठवड्यात आमचे साहेब म्हणाले, “तैसिया, सत्तावीस सालच्या मे दिनाच्या वार्तापटातून तो माणूस काढायचाय. सांधा दिसता कामा नये हं.” मी कापलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, त्याची लाज वाटते. मग सवयीने कार्ड भरायला बसले. एक्केचाळीस फ्रेम्स, मूकपटाच्या वेगाने जेमतेम अडीच सेकंद. कॅमेरा स्थिर. बत्तीस फ्रेम्स तुझे बाबा कपाळाला आठ्या घालून समोर बघतात. शेवटच्या नऊमध्ये नजर डावीकडे वळते आणि ते हसतात. चालत्या फिल्ममध्ये हे कुणालाच दिसलं नसतं. एकेक फ्रेम डोळ्यांत तेल घालून बघायला त्यांनीच शिकवलं, म्हणून मला दिसलं.

चौकटीबाहेर काय, ते कार्डात लिहायचं नसतं. पण त्या दिवशी मी तिथंच होते, तुझा कोट सांभाळत. डावीकडे तू उभी होतीस, आइस्क्रीम खात, त्या भांडणानंतर त्यांच्याशी अबोला धरून. तो तुकडा मी कचऱ्यात टाकला नाही. पाकिटात आहे. फिल्म चटकन पेटते, विस्तवापासून लांब ठेव, खिडकीच्या उजेडासमोर धर, आणि शेवटच्या नऊ फ्रेम्स सावकाश बघ. ते तुझ्याकडे बघून हसतायत, नोन्ना.

तुझीच,
तैसिया