उपाशी आईच्या बुड्या

आई,

तू दर संकष्टीला बटाटेवडे खायचीस, हे मला परवा कळलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता हे! मी अजून सुन्न आहे.

सुरुवात झाली ती सील नावाच्या एका समुद्री प्राण्यामुळे. इथे जर्मनीत मी जिथे काम करते तिथे दक्षिण ध्रुवाकडच्या सीलच्या नोंदी येतात. बर्फावर पिल्लाला पाजणारी एक मादी होती. ती किती खोल बुडी मारते हे पाठीवर चिकटवलेलं यंत्र सांगतं. पोटात दुसरं यंत्र असतं. थंडगार मासा गिळला की पोट एकदम गार पडतं, म्हणजे हिने खाल्लं. हिचं पोट पुन्हा पुन्हा गार पडत होतं. मी काय केलं? यंत्र बिघडलंय असं ठरवून त्या सगळ्या नोंदी गाळायला बसले. माझी जर्मन बॉस मागे येऊन उभी राहिली. "मोमेंट! थांब, हे का काढतेस?"

"पिल्लू अंगावर पितंय ना, त्याला सोडून ती खायला जाणार कशी? उपाशीच असणार."

"कोणी सांगितलं तुला? बर्फातल्या भोकातून खाली जाते, खाऊन येते, पुन्हा पिल्लाशेजारी आडवी होते. वरून बघणाऱ्याला वाटतं, जागची हललीच नाही."

कोणी सांगितलं? तूच की! स्वयंपाकघरात तू आम्हाला गरम पोळ्या वाढते आहेस आणि आजी शेजारणींना ऐकवते आहे, "आमची सून चंद्र उगवेपर्यंत नुसत्या चहावर राहते, बरं का!" मी धरलेल्या पहिल्याच संकष्टीला शाळेतून येऊन चिवड्याचा बकाणा भरला, तर तू म्हणालीस, "एवढाही धीर नाही?" तेव्हापासून मी उपास मोडलेला नाही. इथे कार्ल्सरूहेत ढगांमुळे चंद्र दिसत नाही, तर मोबाइलवर चंद्रोदय बघून जेवते. मला चक्कर येते, लेक जर्मनमधून ओरडते, मी तिला तुझं उदाहरण देते.

सीलची गंमत म्हणून मावशीला फोनवर सांगितली. ती हसत सुटली. "अगं, तुझी आई तरी कुठे उपाशी असायची? तिच्या ऑफिसमागच्या हॉटेलात दर संकष्टीला आम्ही दोघी वडे हाणायचो. घरी एवढं कौतुक चाललेलं, उपास उघड मोडणार कशी बिचारी?"

मी फोन ठेवून दिला.

मी चिडले आहे तुझ्यावर. खाल्लंस म्हणून नाही. खाल्लंस ते फार बरं केलंस, आजीची चांगली जिरली. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून खरं सांगते. आज पुन्हा संकष्टी आहे आणि सगळं कळूनही मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. एकटीने मोडायची हिंमत होत नाही. तू मावशीला नेलंस. एकदा मलाही न्यायचं होतंस गं.