बोटीवरची तुमची जागा

अहो,

जेवायला याल तोवर मी आपल्या शिवानीबरोबर धरणाकडे निघालेली असेन. बोटीत सहाच माणसं. रात्री पाण्यावरच झोपायचं, सकाळी होडी वल्हवायची आणि पलीकडची टेकडी चढायची. पोरीनं आपल्या दोघांची नावं दिली होती, तर तुम्ही म्हणालात, "दुकान कोण बघणार?" बसवेशभावजी बसतील म्हटलं, तर म्हणालात, "अन् गळ्यातलं लिंग पाण्यात पडलं तर?"

म्हणून काल मठात जाऊन स्वामींनाच विचारलं. ते हसले अन् म्हणाले, "दोरा पक्का कर अन् जा." माझा दोरा मी दुपदरी करून घेतला. तुमच्यासाठी पण एक वळून देव्हाऱ्यात ठेवलाय.

पाण्यावर पाठ टेकली की झोप लागते का नुसतं हलत राहतं, हे मला लई दिवसांपासून बघायचंय. भीती मलाही वाटते. मी बोलून दाखवते, तुम्ही दाखवत न्हाई, एवढाच फरक.

टोपल्यात भाकरी हाय, ती बांधून घ्या. बोट दिवस मावळताना सुटते. केजपर्यंत एसटी, पुढं जीप मिळते.

तुमची लुंगी मी माझ्या पिशवीत घेतलीय.

गंगासागर