एकटी पायरी

प्रिय ताई,

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मी नेहमीसारखं ‘लोकांच्या बोलण्याकडे कशाला लक्ष देतेस’ म्हणून फोन ठेवून दिला. तू ऐकलंस ते खरं आहे. मी बांधलेल्या शॉपिंग सेंटरच्या चौकात आपले बाबा लोकांचे पाय ओढतात, असं तिथले दुकानदार बोलतात. जिथे ते पडले, नेमक्या त्याच जागी गेल्या आठ महिन्यांत अकरा माणसं धडपडली. चपलांच्या दुकानातल्या बाईने तर तिकडे पाठ करून खुर्ची टाकली आहे. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या वाटेत वीट राहू दिली नाही, त्याचं भूत करून टाकलं लोकांनी!

मीही तिथे जातो, ताई. दुपारी ऑफिस टाकून समोरच्या बाकावर बसतो. माणसं हातात पिशव्या घेऊन, काचांमधलं बघत मजेत येतात आणि त्या जागी पाऊल एकदम खाली जातं. सावरल्यावर प्रत्येक जण मागे वळून जमिनीकडे बघतो, खाली कोणी आहे का ते. मंगळवारी मला पाठीमागे बाबांचा खोकला ऐकू आला, बोलायला सुरुवात करण्याआधी घसा साफ करायचे तो. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

हे काम मिळालं तेव्हाचं आठवतं? शहराबाहेरची मोकळी जमीन. वर छप्पर नको, गल्ल्यांतून हिंडल्यासारखं वाटलं पाहिजे, ही मालकाची अट. दोन्हीकडे मिळून चाळीस दुकानं, मध्ये चौक, झाडं, बाक, गाड्या सगळ्या मागे. मॉडेल बघून तू म्हणाली होतीस, यातली कागदी माणसंसुद्धा तुझ्यासारखीच वाकडी उभी आहेत. फक्त जमीन एका अंगाला उतरती होती. चौकाच्या दोन बाजूंत सहा इंचांचा फरक येत होता, म्हणून मी तिथे एक पायरी आखली होती.

बाबांना गवंडीकाम सोडून दहा वर्षं झाली होती, तरी आपली पाण्याची नळी घेऊन ते साइटवर हजर. लहानपणी सुट्टीत आपण त्यांच्या कामावर जायचो, तेव्हा त्या नळीचं एक टोक ते धरायचे, एक तू. दोन्हीकडचं पाणी एका लेव्हलला स्थिर झालं की भिंतीवर खूण करायची, आणि मध्ये लुडबुड करून मी बोलणी खायचो. मी आर्किटेक्ट झाल्यापासून ते मला साहेब म्हणायचे. त्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाले, साहेब, एकटी पायरी ठेवू नका, ती दिसत नाही. सगळ्या चौकाला उतार द्या. मी हसलो. उतार दिला असता तर पाण्याची नाली चौकाच्या मधोमध आली असती, आणि मला वरखाली एकाच करड्या दगडाचा सलग चौक हवा होता. मासिकात फोटो आला, त्यात पायरी कुठे दिसतच नव्हती. तेव्हा मला त्याचंच कौतुक होतं.

उद्घाटनाच्या आठवड्यात बाबा पडले. खुबा मोडला आणि तीन आठवड्यांत ते गेले. कसे पडलात, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे बघत त्यांनी सांगितलं, घेरी आली. तू दाराशी उभी होतीस. ते पडले त्या सकाळची रक्तदाबाची गोळी द्यायला तू विसरली होतीस, आणि तेव्हापासून तू धड जेवत नाहीस.

ताई, त्यांना घेरी आली नव्हती. मी दोन पावलांवर होतो. पायरी त्यांना दिसली नाही, पाऊल अधांतरी पडलं, बस. खोटं बोलून त्यांनी मला वाचवलं आणि मी तुला जळत ठेवलं. गोळी घेतली असती तरी ते पडलेच असते. एवढं सांगायला मला आठ महिने लागले, याची लाज वाटते. काल मालकाला लेखी कळवलं की चूक माझी आहे, पायरी काढून चौकाला उतार देतो. सोमवारी सकाळी दगड निघतील. ऑफिसात लेव्हल बघायचं यंत्र आहे, पण मी बाबांची नळी धुऊन ठेवली आहे. ती धरायला दोन माणसं लागतात. मला शिव्या द्यायला का होईना, पण ये.

तुझाच,
लुडबुड्या