आधी किंगरी भरून घे

बोरगाव मेघे, फाल्गुन, १९५८

प्रिय सोनबा,

आग लागो तुह्या त्या टेपच्या मशीनले! नागपूरच्या दुकानातून उसनं आणलं अन् बाबाची किंगरी भरून घे म्हणून बहिणीच्या गळ्यात टाकून गेला. तू शिकवलं तसंच मी केलं. माइक तारांच्या तोंडाशी नाई ठेवला, तेथं गजाची खरखर येते. भोपळ्यासमोरही नाई, तेथं नुसतं घुमते. हातभर दूर, जरा तिरपा, खाली गोधडीची घडी. टिनाच्या छपराखाली आवाज घुमू नये म्हणून भिंतीले सतरंज्या टांगल्या. दार तेवढं उघडं राह्यलं.

किंगरीत आपला देव बसते, म्हणून त्याच्या कथेआधी बाबानं रिवाजाप्रमाणं तिच्यावर मोहाची दारू शिंपडली. मंग म्हणे, हाही ऐकून राह्यला, याले काऊन उपाशी ठेवू? अन् माइकवरही शिंपडली! नेमका तेव्हाच जंगलू दारात. बाबाचा पुतण्या, बाबानंच वाजवायले शिकवलेला. काकानं देव डब्यात कोंडला म्हणून बोंबलला, कुऱ्हाड उलटी केली अन् बाबाच्या बोटांवर हाणली. हाडं मोडल्याचा आवाज माह्या कानातून जात नाई. मंग किंगरी पायाखाली चुरली. माह्या हाती मुसळ लागलं, मी त्याच्या थोबाडात घातलं. समोरचे दात गेले मेल्याचे, रक्त थुंकत पळाला. मले काही वाईट वाटलं नाई.

टेपवर तार लावल्याचा आवाज आहे अन् मारहाण आहे. कथा नाई. डॉक्टर म्हणते, बाबाची बोटं आता वळणार नाईत.

अन् आज तुहं कार्ड आलं, गाववाल्याकडून मारहाणीची खबर लागली, रविवारी येऊन जंगलूले कापतो म्हणून. येडा झाला का बाप्पा? कथा बाबा म्हणन, पण तिची चाल वाजवणारा तो एकच उरला. म्हणून मी छातीवर दगड ठेवून त्याच्या घरी गेलती. म्हटलं, देव डब्यात गेला म्हणतो ना, मंग त्याले तेथंच कथा ऐकव, नाई त तो उपाशी राहील अन् पाप तुह्या माथी. मेला लेकरासारखा रडला अन् कबूल झाला. बाबाच्या शेजारी बसून आपल्या किंगरीवर वाजवन. मधात मी बसीन. तू सुरी घरी ठेव अन् दुसरा माइक आण, हा दारूनं मागून खराब झाला. बाबानं त्याले माफ केलं, मी नाई केलं. कथा पुरी टेपवर उतरू दे, मंग मी तुले अडवणार नाई.

चिडलेली, तरी तुहीच,
सुंदरा