मार्ग्रिटचं ‘अहो’

प्रिय ट्रूडीताईस,
धाकट्या हाइरीचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? बात्तिस्ताभावोजींना विचारलं म्हणून सांग (त्यांचे चेस्टनट अजून पुरवून खातो आहे). मी ठणठणीत आहे. डॉक्टरच म्हणाला, “हाइरी, तुला काही झालेलं नाही, उगाच येत जाऊ नकोस.”

महापौर झालो त्या वर्षीची सरोवराची जत्रा आठवते ना? उपमहापौराच्या पेल्याला पेला भिडवून मी हळूच म्हणालो, “मी हाइरी. आजपासून मला अरे म्हण.” माईक चालू होता. सगळ्या मैदानानं पेले उंचावले आणि “बरं रे, हाइरी” म्हणून मोकळं झालं. एकदा दिलेलं ‘अरे’ आपल्यात परत घेत नाहीत, पण त्या एका चुकीवर मी चार निवडणुका जिंकलो. (विरोधकसुद्धा “हाइरीला पाडा” म्हणायचे; आडनाव घेतलं असतं तर कोणाला पाडायचं ते लोकांना कळलंच नसतं.) ट्राममध्ये कोणीही खांद्यावर हात टाकून विचारी, “पालिकेच्या कचऱ्याच्या पिशव्या केवढ्याला केल्यास रे? आता कचरा करायचाच नाही का?” लग्नाला सवड झाली नाही, पण एकटं कधी वाटलं नाही.

सगळ्यांत तिखट जीभ मार्ग्रिटची. तुझ्या वर्गातली ती, शनिवारच्या बाजारात चीज विकते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझा तुकडा कापताना म्हणायची, “मेल्या, पूल बांधतोयस की नदी आटायची वाट बघतोयस?” वसंतात मी खुर्ची सोडली. पुढच्या शनिवारी गेलो, तर एप्रन सारखा करून म्हणते, “काय देऊ तुम्हाला, बेन्त्सिगरसाहेब?” चेष्टा असेल म्हटलं, पण उन्हाळा सरला तरी तेच. सगळं शहर अजून अरे म्हणतं आणि माझा कान त्या एका दुकानाकडे. शेवटी परवा धीर करून विचारलं. चीज कागदात गुंडाळत म्हणाली, “ते अरे महापौराला होतं. तुमची माझी ओळख कुठं झालीय अजून?”

ताई, इथं मला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही. पण ती वयानं मोठी, त्यातून बाई. ‘अरे’ तिनंच द्यायचं, मी मागायचं नाही. सकाळी कॉफी ओतताना मीच स्वतःला ‘मेल्या’ म्हणून पाहिलं. त्याला तिचाच आवाज लागतो. मला तिची फार आठवण येते, आणि ती तर मला दर शनिवारी भेटते. म्हणून ठरवलं आहे, त्या बाजारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. चीज पाकिटातलं खाईन.

तुझा,
हाइरी

ता. क. : वडिलांचे डोंगर चढायचे बूट तुझ्याकडे आहेत, ते पाठव. सहज.

आणखी ता. क. : रविवारच्या आत पाठव. झाडं संपतात तिथून वर कोणी कोणाला ‘अहो’ म्हणत नाही, हा आपल्या डोंगराचा कायदा तुला ठाऊक आहे (तो करायला महापौर लागला नव्हता). चीजचं पुडकं हातात देताना मार्ग्रिट म्हणाली होती, “रविवारी मी वर जाते. झाडं संपतात त्याच्याही वर. अहो, चढवेल ना तुम्हाला?”