गुरुजींनी लावलेली तारीख

२९ मे, मलावी
मिशनच्या शाळेमागच्या मळ्यात आज सहा ओळींना ठिबक जोडलं. बदनापुरात जन्म गेला ह्याच कामात, पण इथं पाणी सुटलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. लाजलो. फुकट काम करायला आलोय म्हणून फारच मान देतात.
संध्याकाळी जोसेफ मास्तरांनी नोंदवहीसाठी पासपोर्ट मागितला. जन्मतारीख बघून थबकले. मी जिच्या घरी उतरलोय ती म्हातारी शेजारीच होती. गाव तिला अमायी म्हणतं, म्हणजे आई. मास्तर तिच्या भाषेत काहीतरी बोलले. ती उठली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली.
तिचा लेक पीटर एक जूनचा. माझ्या पासपोर्टातही तीच तारीख. दक्षिण आफ्रिकेत खाणीत कामाला गेला, तिकडेच वारला. तिला तोंडही बघायला मिळालं नाही.
तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोललो.

३० मे
बोलणार काय? हसनाबादला पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला एक जून लावून टाकला. कुणाच्या आईबापाला तारीख ठाऊक होती! मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, करीचा. वर्गातले अजून एक जूनला एकमेकांना ‘सरकारी वाढदिवसाच्या’ शुभेच्छा पाठवतात, चेष्टा म्हणून. हे सगळं माझ्या मोडक्या इंग्रजीत मास्तरांना...
उद्या बघू.

३१ मे
सकाळी सुरुवात केली होती. “मास्तर, ती तारीख...” तेवढ्यात पाइप निसटला, दोघंही भिजलो. मग विषय राहून गेला. खरं म्हणजे मीच जाऊ दिला.

१ जून
अमायीनं कोंबडी कापली. दोनच होत्या, त्यातली अंडी देणारी.
शाळेतली पोरं अंगणात येऊन गाणं म्हणून गेली. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, वर रस्सा. तंगडी माझ्या ताटात. तिनं स्वतः नुसता रस्सा घेतला. मास्तर म्हणाले, पीटर गेल्यापासून तिनं हा दिवस पहिल्यांदा साजरा केला.
जेवण झाल्यावर पेटीतून पीटरचा कोट काढला. जूनमध्ये इथं थंडी असते. माझ्या अंगाला बरोबर बसला. ती चार पावलं मागं जाऊन बघत राहिली. आणि मी, पन्नाशी उलटलेला बाप्या, वाढदिवसाच्या पोरासारखा उभा!
रस्सा चवीचा होता. दोनदा घेतला. हेही लिहून ठेवतो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

५ जून
उरलेली कोंबडी एकटीच अंगणात फिरते. बघवत नाही. कामाचं निमित्त काढून दिवसभर मळ्यात थांबतो.

१२ जून
निघालो. कोट घडी करून तिच्या खाटेवर ठेवला होता. अमायी तो घेऊन रस्त्यापर्यंत आली, मला घातला, बटणं लावली. मास्तर समोर होते. गाडी यायला वेळ होता. सांगायला भरपूर वेळ होता.

२० जून, हसनाबाद
आईकडे आलो. बॅगेतले कपडे धुवायला काढताना तिनं विचारलं, “हा कोट कोणाचा रे? तू तं असला घेत न्हाईस.”
सगळं सांगितलं. ती ऐकत होती, कोट तसाच मांडीवर.
“करीच्या दिवशी झाल्ता तू. बैलांच्या शिंगाचा रंग बी गेल्ता न्हाई. मला इचारायचं!”
“माहीत हाय, माय.”
“मंग त्या बाईला काऊन फसवून आला? कोंबडीचं जाऊ दे. लेकरू गेलंय तिचं.”
“सांगितलं असतं तं वाईट वाटलं असतं तिला.”
“तुला वाईट वाटलं असतं. तिच्यावर नको ढकलू.”
करीच्या दिवशी आजवर मी एकदा तरी मुद्दाम हिच्याकडे आलोय का? नाही.

२२ जून
सकाळी आईनं फोन करायला बसवलंच. स्वतः शेजारी. मास्तर फोन घेऊन अमायीच्या घरी गेले. मी इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती, ती वाचली. एक जून माझा नाही. शाळेत लावलेली तारीख आहे. अमायीचा दिवस मी खोटं वागून घेतला, मला माफ करा.
मास्तर म्हणाले, “हे खरंच तिला सांगू?”
“सांगा.”
ते तिच्याशी बोलले, बराच वेळ. मला एक शब्द कळला नाही, पीटरचं नावसुद्धा ऐकू आलं नाही. मग ती हसली. मोकळं हसली. मास्तर म्हणाले, “अमायी विचारतात, तुमची आई जवळ आहे का? त्यांना नमस्कार सांगा.”
तुम्ही नक्की काय सांगितलंत, हे विचारायला तोंड उघडलं. नाही विचारलं. फोन ठेवला.
आई माझ्याकडे बघत होती. “सांगितलं का त्यानं बराबर?”
हो म्हणालो.