तिसरा नंबर आमच्या चिझुरूचा

शोवा ६१ (सन १९८६), ऑक्टोबर ६, सोमवार

छापून आली! आमच्या चिझुरूची चित्रांची गोष्ट छापून आली! तोक्योतल्या त्या पोरांच्या जाडजूड साप्ताहिकात, एकतीस पानं! नाव मात्र तिचं नाही — 'एनोकिदो गो' असं पुरुषाचं घातलंय. बाईनं काढलेली मारामारी पोरं वाचत नाहीत म्हणे. मी तर तीनदा वाचली. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या भिक्षूंची गोष्ट आहे. सगळे भिक्षू सारखे ओरडत असतात. का ते अजून कळलं नाही, पण काढलेत फार सुंदर.

मी चौथीतून उठून रेशमाच्या गिरणीत गेले, अवघड अक्षरं मला कुठली यायला! पण पोरांच्या पुस्तकात प्रत्येक अक्षराशेजारी उच्चार छापलेला असतो. माझ्यासाठीच केलंय जणू.

मठातल्या गुरुजींना दाखवलं. म्हणाले, "भिक्षूंचे झगे दुसऱ्याच पंथाचे काढलेत." मी म्हटलं, "छे हो, पोरगी नुसत्या रेघोट्या ओढते!" असं म्हणायचं असतं. गुरुजी अंक घेऊन गेले ते गेलेच. उद्या दुसरा आणायला हवा.

ऑक्टोबर ९

चिझुरूचा फोन. म्हणाली, "आजी, प्रत्येक अंकात एक पोस्टकार्ड असतं. सगळ्यांत आवडलेल्या तीन गोष्टी त्यावर लिहून पाठवायच्या. ती कार्डं मोजतात. ज्याची गोष्ट तळाला, ती दहा आठवड्यांत बंद."

तेवढ्यात आमच्या योशिकाझूनं — म्हणजे तिच्या बापानं — फोन ओढून घेतला. "बंद झाली तर सरळ घरी यायचं. मच्छीमार सोसायटीत कारकुनाची जागा बोलून ठेवलीय. सत्तावीस पूर्ण झाली तुला!" शुभ बोलायचं सोडून!

कारकून म्हणे. माझी नात तोक्योत नाव काढतेय, आणि हा तिला माशांच्या पावत्या लिहायला बसवणार. माझ्या जिवात जीव असेपर्यंत तरी नाही. कार्डंच पाठवायची ना? एवढंच ना?

ऑक्टोबर १४

आमच्या गेटबॉलच्या — लाकडी हातोड्यानं चेंडू कमानीतून मारायच्या खेळाच्या — मंडळात आम्ही सव्वीस जण. सगळ्यांत धाकटे साठचे. पुस्तकवाल्या साकागामीकडे अंक यायचे चार. त्याला म्हटलं, दर आठवड्याला सव्वीस ठेव. तो म्हणाला, "हात्सुएबाई, नातवंडं वाढली वाटतं?"

खेळ लवकर आटोपला आणि मंडळाच्या खोलीत कार्डं भरायला बसलो. चहा, मुळ्याचं लोणचं, बिस्किटं. शेजारच्या तोमेबाईंनी लगेच पहिल्या रकान्यात भिक्षू लिहायला घेतले. मी त्यांचा हातच धरला.

"अहो, काय करताय!"

"का? चिझुरूला पहिला नंबर."

"घरच्या पोरीला आपणच पहिला नंबर द्यायचा? काय म्हणतील तोक्योची माणसं! या गावाला काही रीतभात आहे की नाही?"

"मग दुसरा देऊ."

"दुसराही जरा जास्तच होतो. तिसरा. तिसरा शोभतो. तीन नावांत आली म्हणजे झालं."

सगळ्यांना पटलं. तोमेबाईंना नाही पटलं, पण सगळे एक म्हणत असताना आपण दुसरं कसं म्हणायचं? मग पहिला कोणाला, यावर अर्धा तास गेला. शेवटी बॉक्सिंगवाल्या गोष्टीला दिला. त्यातल्या पोराला आई नाही. सव्वीसच्या सव्वीस जणांनी तोच लिहिला. दुसरा नंबर ज्याचा त्यानं आपल्या मनानं द्यायचा, एवढी मोकळीक ठेवली.

वयाच्या रकान्यात खरं वय लिहिलं. खोटं कशाला? संपादकांना सूचना करायला जागा होती, तिथं मात्सुनागाआजोबांनी 'अक्षर मोठे छापावे' असं लिहिलं.

ऑक्टोबर २८

तिसऱ्या खेपेची कार्डं गेली. टपाल कचेरीतला माणूस उभा राहून नमस्कार करतो हल्ली.

नोव्हेंबर २

दुपारी चिझुरूचा फोन. मनगटाला पट्टी बांधलीय म्हणे. जेवलीस का विचारलं, तर "पाव खाल्ला." काल काय खाल्लं, तर पावच. मग मी गावातलं सगळं सांगत बसले — कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या मांजरीनं कुठं पिल्लं घातली. दहा मिनिटं बोलले. एकदाही मधे बोलली नाही! किती शहाणी झालीय, वाटलं. मग घोरणं ऐकू आलं.

दमते बिचारी. कामाचं माणूस दमणारच. माझी छाती फुगली हो!

नोव्हेंबर ११

टपाल कचेरीतल्या काम्बेकाकांच्या बायकोनंही कार्ड मागून घेतलं. सत्ताविसावं! तिलाही समजावलं — तिसरा, तिसरा.

नोव्हेंबर २४

बंद होणार. भिक्षू बंद होणार.

चिझुरू अगदी शांतपणे सांगत होती. "तळाला दोघं होतो, आजी. मी आणि बॉक्सिंगवाला. एकाला जायचंच होतं. तो चाळीस गुणांनी वाचला."

मी म्हटलं, "गुण कसले?"

"पहिल्या नंबरला तीन गुण. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला एक."

पुढचं काही ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि मणी सरकवून हिशेब करायची जुनी सोरोबान काढली. सत्तावीस त्रिक एक्याऐंशी. एक्याऐंशी वजा सत्तावीस. पुन्हा केलं. पुन्हा तेच! चोपन्न! चाळिसाहून चौदा जास्त! त्या आई नसलेल्या पोराला आम्हीच वाचवलं.

नोव्हेंबर २५

तोमेबाईंना एकट्यांना सांगितलं. त्यांनी एक कोरं कार्ड काढून पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळात सांगितलेलं नाही. ते उद्याही कार्डं भरणार आहेत. थांबवू तर कसं थांबवू?

डिसेंबर ८

शेवटचा भाग आला. पाच वर्षं चालायची स्पर्धा भिक्षूंनी तीन पानांत जिंकली. शेवटच्या चित्रात सगळे ओरडायचे थांबलेत. मला रडू आलं. मंडळी म्हणाली, "किती छान शेवट! आपल्या कार्डांमुळेच इथवर आली."

बॉक्सिंगवाल्याला या अंकात रंगीत पान मिळालंय.

डिसेंबर १३

चिझुरू काल दुपारी आली. समुद्रावर ढग गडगडत होते, थंडीतला बुरी मासा किनाऱ्याशी आला अशी वर्दी देणारे. खांद्यावर एकच पिशवी. चेहरा इतकासा झालाय. आल्या आल्या झोपली ती सोळा तास झाले तरी उठली नाही. योशिकाझू सोसायटीचा अर्ज हातात घेऊन दाराबाहेर येरझाऱ्या घालतोय. मी म्हटलं, आवाज केलास तर बघ.

तिच्या तोंडाकडे बघवत नाही. सांगायला हवं. आज नको.

डिसेंबर १४

सांगून टाकलं. जेवताना, मान खाली घालून. तिसरा नंबर, मंडळ, बॉक्सिंग — सगळं.

ती म्हणाली, "माहीत आहे, आजी. संपादकांनी पहिल्याच खेपेला कार्डं पुढ्यात टाकली होती. सगळ्यांवर आपल्या गावचा शिक्का. तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय?"

"मग एक फोन करायचास ना, पोरी! मी सगळ्यांना पहिला लिहायला लावला असता!"

"लावला असतास ना? म्हणूनच नाही केला. आणखी दहा आठवडे हात चालला नसता माझा."

आणि वाटी पुढं करून म्हणाली, "भात आहे का अजून?"